स्टीम क्लीनर घ्यावा का? नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटमधल्या नोंदी

७ सप्टेंबर, रविवार

महालक्ष्म्या झाल्या, पाहुणे गेले आणि स्वयंपाकघर उरलं. तीन दिवस तळण चाललं होतं. एक्झॉस्टच्या खालच्या टाइल्सवर बोट टेकवलं तर बोट सुटेना. बाथरूमही तसंच आहे. तिथलं ॲसिडचं क्लीनर वापरलं की सासूबाईंना दम लागतो, म्हणून ते दोन महिने बंद आहे, आणि नळांवर पांढरी साय चढली आहे.

यावर उपाय म्हणून वाफेनं साफ करणारं यंत्र घ्यायचं डोक्यात आलं. रसायन नाही, वास नाही. बर्डीवरच्या दुकानात चौकशी केली. हातात धरायचं लहान यंत्र साडेतीन ते पाच हजार, नळी आणि चाकं असलेलं नऊ ते चौदा हजार. दुकानदार म्हणाला, "ताई, घेऊनच टाका, ऑफर आहे." सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून पितृपक्ष लागते. पंधरा दिवस घरात नवीन वस्तू यायची नाही."

चिडले होते. पण वहिनीला फोन केला तेव्हा कळलं की तिच्याकडे असं यंत्र आहे, दोन वर्षांपासून सज्ज्यावर. जुनं आहे म्हणजे पितृपक्षात चालतं. आणून बघायचं ठरवलं. वहीत कामं लिहून ठेवली: चिमणी, ओटा नि गॅस, टाइल्सच्या फटी, नळ, कूलर, खिडक्यांचे ट्रॅक. यातलं कोणतं काम यंत्र माझ्यापेक्षा चांगलं करतं, एवढंच बघायचं.

९ सप्टेंबर

मनीषनगरहून यंत्र आणलं. मागच्या पट्टीवर १५०० वॅट, टाकी १ लिटर, दाब ३.५ बार असं लिहिलं आहे. सोबत लांब नळी, एक टोकदार नोझल, नायलॉनचे दोन नि पितळी तारांचा एक असे गोल ब्रश, आणि कापड लावायचं रुंद तोंड. वहिनीला विचारलं, सज्ज्यावर का गेलं? ती म्हणाली, "वाफच येत नव्हती नीट, मग कंटाळा आला."

संध्याकाळी पाणी भरून सुरू केलं. आधी नुसती फुसफुस झाली, मग एकदम पांढरी कणी थुंकली आणि ओटाभर चुना उडाला. कारण शोधायला बॅटरी लावून टाकीत डोकावले. तळाशी पापुद्रे. वहिनीच्या सोसायटीत बोअरचंच पाणी आहे आणि तिनं दोन वर्षं तेच भरलं. आणि मी काय केलं? आमच्या ओट्यावर दोन तोट्या आहेत. घाईत बोअरची उघडली.

आरओवाल्याकडचं पाण्यातले क्षार मोजायचं पेन मीटर (टीडीएस) मागून मोजलं. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी १९०, बोअरचं ८७०, आरओचं ६०. यापुढे आरओचंच भरायचं.

१० सप्टेंबर

इतवारीतून निंबूसत (सायट्रिक ॲसिड) आणलं, ४५ रुपयाला एक, अशी १०० ग्रॅमची दोन पाकिटं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून बंद, थंड यंत्रात भरलं. प्लग काढून ठेवला होता, हे लिहून ठेवते, कारण आत निंबूसत असताना यंत्र तापवायचं नसतं. तासभर ठेवलं, मधूनमधून हलवलं आणि उलटं केलं. पहिल्या वेळी ताकासारखं पाणी निघालं. दुसऱ्या वेळी कमी. मग साध्या पाण्यानं तीनदा खळबळून घेतलं. नोझलच्या भोकात सुई घालून एक खडा काढला. झाकणाची रबरी रिंग कडक झाली होती, ती कुकरच्या दुकानातून मापानं मिळाली, १२० रुपये.

आणि चूक. ते निंबूसताचं पाणी उपसताना ओट्यावर सांडलं आणि मी चहा पीत बसले. आमचा ओटा कडप्प्याचा. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, त्यामुळे जे पाणी टाकीतला चुना खातं तेच ओटाही खातं. बशीएवढा मळकट डाग पडला आहे. तेल लावून बघितलं, थोडा वेळ लपतो, परत दिसतो. कोटा फरशी आणि संगमरवर असणाऱ्यांनी हे काम मोरीत, प्लास्टिकच्या बादलीवर करावं.

११ सप्टेंबर

आता वाफ झकास येते. पण दहाव्या मिनिटाला जळका वास आला. यंत्र नाही, एक्स्टेंशन बोर्ड. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि माझा बोर्ड सहाचा, वायर मोबाइल चार्जरला शोभेल अशी. प्लगचं भोक पिवळं पडलं होतं. सोळा अँपिअरचा जाड वायरचा बोर्ड आणला, ६५० रुपये. यंत्राच्या किमतीत हे कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरात सोळाचा पॉइंट फक्त गीझर आणि एसीजवळ आहे, त्यांनी हा खर्च धरूनच चालावं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज घड्याळ लावून काम केलं. तापायला ८ मिनिटं. नंतर बोट काढत-दाबत लिटरभर पाणी २८ मिनिटं पुरलं. पाणी संपलं की लगेच भरता येत नाही. आत दाब असतो, बटण दाबून उरलेली वाफ सोडायची, मग थंड व्हायची वाट बघायची. मी पंधराव्या मिनिटाला झाकण फिरवायला गेले तर फिस्स असा आवाज आला आणि हात आपोआप मागे आला. पंचवीस मिनिटांच्या आत हात लावायचा नाही. म्हणजे २८ मिनिटांच्या कामामागे ३३ मिनिटं बसून राहणं. लहान यंत्राची टाकी तर याच्या चौथ्या हिश्श्याएवढी असते. ते वापरून मी काय केलं असतं देव जाणे.

चिमणीचे दोन बॅफल फिल्टर काढले. एकावर वाफ, दुसरा टबात उकळतं पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून ठेवला. वाफेनं तेल सुटलं, पण सुटून ओघळलं. ते माझ्या गाऊनवर, भिंतीवर आणि फरशीवर आलं. १९ मिनिटं लागली. टबातला फिल्टर मी हात न लावता अर्ध्या तासात स्टीलसारखा निघाला, कारण तो स्टीलचाच आहे. दहा रुपयांचा सोडा जिंकला. (ज्यांच्या चिमणीला ॲल्युमिनियमची जाळी आहे त्यांनी सोडा वापरू नये, ती काळी पडते. त्यांच्यासाठी वाफ बरी.)

ओट्यामागच्या टाइल्सवर मात्र मजा आली. रुंद तोंडाला कापड बांधून फिरवलं, चिकट थर लोण्यासारखा आला. तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या. पाच मिनिटं उभ्या राहून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, मशीन गरम होऊन राहिली तवरीक माझा अर्धा ओटा पुसून होते." आम्ही पैज लावली. उजवी बाजू त्यांची, डावी माझी, त्यांच्याकडे गरम पाणी, भांड्याचा साबण आणि तारेची घासणी. त्या ११ मिनिटांत मोकळ्या झाल्या, मला तापण्याची ८ धरून २४ लागली. फरक कुठे दिसला तर टाइल्सच्या जोडांत. त्यांच्या बाजूच्या फटी काळ्या होत्या, माझ्या करड्या झाल्या. पांढऱ्या नाही, करड्या.

१५ सप्टेंबर

गॅसची शेगडी काल संध्याकाळी वाफेनं साफ केली. बर्नरच्या कडा, नॉबच्या मागची खाच, वर्षानुवर्षांचं उतू गेलेलं दूध, सगळं निघालं. आज सकाळी एकही बर्नर आपोआप पेटेना. पाणी ठिणगीच्या तारेपर्यंत गेलं. दिवसभर लायटर. दुपारी पंखा लावून ठेवला, रात्री पेटला.

१६ सप्टेंबर

आजचं नुकसान मोठं. ट्रॉलीच्या दारांवर हळदीचे हात उमटले होते. ट्रॉल्या प्लायच्या, वर सनमायका. वरच्या बाजूला काही झालं नाही. पण मी कडेला नोझल टेकवून रेंगाळले आणि एज बँडची पट्टी हातभर उकलली. सुतार आला, हसला. म्हणाला, "मॅडम, ही पट्टी गोंद गरम करूनच लावतो आम्ही. तुम्ही परत गरम केली." ३५० रुपये घेतले आणि इस्त्री फिरवून वीस मिनिटांत बसवली. इस्त्री माझीच होती, हे नंतर लक्षात आलं.

तेव्हा यापुढे सनमायका, प्लाय, पॉलिशचं लाकूड, रंगवलेली भिंत, इथे वाफ नाही.

१७ सप्टेंबर

बाथरूम. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते काम. पितळी ब्रश लावून नळाच्या बुडाशी चार मिनिटं वाफ मारली. नळ गरम झाला, चमकला, साबणाचा थर गेला आणि पांढरी साय जिथल्या तिथे. शॉवरची चाळणी तशीच. पितळी ब्रशनं नळाच्या चकाकीवर बारीक चरे मात्र पडले.

मग बाल्कनीतल्या कूलरकडे गेले. नागपूरच्या कूलरची टाकी उन्हाळाभर बोअरचं पाणी पिते, जाळीवर आणि पंपावर भाकरीसारखी खपली येते. पंधरा मिनिटं वाफ मारून काय झालं? जुन्या वुडवूलच्या काड्यांचा कुबट वास बाल्कनीभर झाला. खपली हलली नाही.

१८ सप्टेंबर

काल रात्री झोपताना लक्षात आलं आणि स्वतःचंच हसू आलं. चुना उष्णतेनं सुटत नाही, उष्णतेनंच तर जमतो. वहिनीच्या टाकीत तो जमला कसा? पाणी तापवून. मी गीझरचा आजार गीझरनं बरा करायला निघाले होते.

आज निंबूसताच्या पाण्यात कापड भिजवून नळाला गुंडाळलं, अर्धा तास. साय बोटानं निघाली. सासूबाई बाजूला उभ्या होत्या, दम लागला नाही, उलट "सरबताचा वास येते" म्हणाल्या. म्हणजे बाथरूमसाठी मला यंत्र नकोच होतं, ४५ रुपयांचं पाकीट हवं होतं.

१९ सप्टेंबर

यंत्र परत द्यायचं ठरवलं होतं. पण सासूबाईंच्या दंडावर लाल गांध्या, एका रेषेत तीन. समोरच्या खोलीतल्या दिवाणाची गादी उचलली तर शिवणीत काळे ठिपके, आणि कोपऱ्याच्या खाचेत ढेकूण. लेक महालक्ष्म्यांना पुण्याच्या हॉस्टेलातून आला तो याच दिवाणावर झोपला, बॅग याच्याचखाली होती. त्याला फोन केला तर म्हणतो, "हो आई, आमच्या विंगमध्ये आहेत." जणू वायफाय आहे.

लहानपणी महाल भागात आमच्याकडे मे महिन्यात खाटा गच्चीवर उन्हात टाकत आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतत. नागपूरचा मे असला की ढेकणांचं काही चालत नसे. सप्टेंबरात ऊन कुठून आणू? पेस्ट कंट्रोलवाल्यानं दोन खेपांचे २,५०० सांगितले आणि सासूबाईंना दिवसभर बाहेर ठेवा म्हणाला. दम असलेल्या माणसाच्या झोपायच्या खोलीत फवारा मला नको होता.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

सकाळी पानं वाढून झाली, दुपारी दिवाण उघडला.

हे सावकाश लिहिते, कारण आधी चुकीचं केलं. टोकदार नोझलनं जोरात वाफ मारली आणि एक ढेकूण उडून भिंतीपाशी गेला. वाफेचा जोर त्यांना मारण्याआधी पसरवतो. मग रुंद तोंडाला जुन्या पंच्याचं कापड दोन पदरी बांधलं, म्हणजे वाफ झिरपते, फुंकर बसत नाही. मांस शिजलं का बघायचा थर्मामीटर घरात होता, तो गादीच्या शिवणीत खोचला. तोंड टेकवून हळू सरकवलं तर ८० च्या वर जातो. दहा सेंटिमीटर दूर धरलं तर ६० च्या आसपास रेंगाळतो, आणि घाईनं फिरवलं तर ४५ पण होत नाही. ढेकणाला पन्नासाच्या पुढची उष्णता सोसत नाही, पण ती त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे आणि थोडी थांबली पाहिजे. म्हणून वीतभर शिवणीला मनात वीस मोजायचे. खोक्यावर ते "९९.९९ टक्के जंतू" लिहिलेलं असतं ना, ते असं वीस मोजणाऱ्याला मिळत असेल. भिंतीवरून पोछा फिरवल्यासारखं करणाऱ्याला नाही.

गादीच्या चारी शिवणी, दिवाणाचे सांधे, स्क्रूची भोकं, भिंतीकडची फळी. चार टाक्या लागल्या. मधल्या थंड होण्याच्या वेळात चादरी, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात. साडेचार तास गेले. नवरा मॅच बघत होता, मध्ये येऊन "मदत करू का" असं विचारून गेला.

गादी ओलसर झाली. काथ्याची आहे, ओल धरते. उभी करून दोन पंखे लावले, रात्री अकरापर्यंत. सासूबाई आमच्या खोलीत झोपल्या.

२५ सप्टेंबर

घट बसले, घर निदान वरवर स्वच्छ. खिडक्यांचे ट्रॅक आज केले. आमच्या स्लायडिंग खिडक्यांच्या खाचेत धूळ, पावसाचं पाणी, कबुतरांची पिसं यांचा मिळून वीटभट्टीचा गारा होतो. आधी व्हॅक्यूमनं कोरडं काढलं (हे विसरू नका, नाहीतर चिखल होतो), मग टोकदार नोझल. एका खिडकीला १२ मिनिटं. मावशींनी बेडरूमची खिडकी जुना ब्रश आणि चमच्याच्या दांड्यानं केली, ३५ मिनिटं, कोपरे तरी राहिले. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. नोझल हातात घेऊन बघितलं फक्त.

सपाट जागी हात जिंकतो, खाचेत वाफ जिंकते. टाइल्सचे जोड, शेगडीची खाच, गादीची शिवण, ट्रॅक. माझ्या वहीतल्या कामांपैकी अर्धी कामं खाचेची नव्हतीच.

१ ऑक्टोबर

दिवाणाला दुसरी खेप, दहा दिवसांनी. अंडी राहिली असतील तर एव्हाना फुटून पिल्लं बाहेर आलेली असतात. दोन दिसली, शिवणीत नाही, दिवाणाच्या मागच्या फळीत. या वेळी तीन टाक्या. उद्या दसरा, दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते भरलेले, बाहेर जायचं नव्हतंच.

५ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. बोर्ड ६५०, सुतार ३५०, निंबूसत ९०, रबरी रिंग १२०, मायक्रोफायबरची कापडं ३००. वीज दहा युनिटच्या आत, माझ्या बिलाच्या हिशेबानं १२० धरते. एकूण १,६३०, यंत्र फुकट असताना. ओट्यावरच्या डागाची किंमत लावलेली नाही.

घेतलं असतं तर ११,०००. वर्षातून दोनदा ट्रॅक, तेच काम मावशी खेपेला ४०० घेऊन करतील, म्हणजे ८००. फिटायला पावणेचौदा वर्षं. ढेकणांचे २,५०० वाचले ते वजा केले तरी साडेदहा. वहिनीच्या यंत्राची दोन वर्षांत काय दशा झाली ते मी बघितलं आहे. आणि लादी? लादीला मावशींचा पोछा पुरतो. वाफेच्या पोछ्यानं एक खोली करून बघितली, कापड तीनदा बदलावं लागलं, मग ती कापडं कोण धुणार?

मी घेणार नाही. पितृपक्ष संपला, ऑफर चालू आहे, तरी नाही. वहिनीशी बोलले: यंत्र तिचं, निंबूसत आणि रिंग माझी, दोन घरांत फिरवायचं. ती म्हणाली, "राहू दे गं तुझ्याचकडे. इकडे आलं तर परत सज्ज्यावर जाईल."

रोज घासूनपुसून साफ करणारं कोणी घरात नाही, दमेकरी आहे, ढेकूण झालेत आणि उन्हाळा दूर आहे, अशांनी घ्यावं. चुन्यासाठी घेत असाल तर नका घेऊ.

१२ ऑक्टोबर, रविवार

बॅटरी घेऊन दिवाण तपासला. काही नाही. सासूबाई परत तिथे झोपतात. लेक दिवाळीला येतो आहे. त्याची बॅग दारातच उघडायची, कपडे थेट उकळत्या पाण्यात, असं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, जीन्स पण?" हो, जीन्स पण.

१५ ऑक्टोबर

मावशी भांडी घासून झाल्यावर दारात थांबल्या. "ताई, थे मशीन एक दिवस नेऊ का? नातवाच्या खाटेत झाले."

दिली. सोबत जाड बोर्ड, पंच्याचं कापड आणि आरओच्या पाण्याच्या चार बाटल्या. त्यांच्याकडे सोळाचा पॉइंट नाही, भिंतीतली वायर जुनी. शेवटी संध्याकाळी नवऱ्याला सोबत पाठवलं, खाटच आमच्या गच्चीवर घेऊन आले. जिन्यातल्या कॉमन लाइनवरून चालवायला सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढली. पहिली टाकी आत्ता तापते आहे.